सिस्टरच्या खिळ्यावरची मोजपट्टी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. मित्रांनो, स्वतःबद्दल जे सांगेन ते मोजून सांगेन, कारण मला दुसरं काही येत नाही. माझ्या एका बाजूला साठ इंच आहेत. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. असे माझ्या अंगावर चारशे ऐंशी सूत आहेत. दोन्ही टोकांना एकेक पितळी टोपी, प्रत्येक टोपीला एक भोक. सात आणि अठ्ठावीस हे दोन आकडे पुसले गेले आहेत, पण त्यांच्या रेघा शाबूत आहेत. पाठीवर सेंटिमीटर आहेत. तिकडे आमच्या घरात कुणी कधी बघितलं नाही.

सध्या मी एका गुंडाळलेल्या गोधडीभोवती नाडीसारखी बांधलेली असते. मोजायला मला आता कुणी घेत नाही. असं का झालं, ते सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेणकापडाच्या लांबलचक पिवळ्या पट्ट्यावर छापयंत्राने रेघा उमटवल्या, कात्रीने मला बाकीच्यांपासून वेगळं केलं आणि टोप्या ठोकल्या. मग दोरे-बटणांच्या दुकानात एका काचेच्या बरणीत मी चार महिने काढले. तिथून मला एका तरुण नर्सने घेतलं. घेताना तिने एक गोष्ट केली. बरणीतल्या दुसऱ्या दोन पट्ट्या मागून घेतल्या आणि आम्हा तिघींना टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरलं. तिघी सारख्या भरलो, तेव्हाच तिने मला पिशवीत टाकलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पट्टी घेताय की सोनं?" ती म्हणाली, "औषध देताना मी बाटलीवरचं नाव दोनदा वाचते. सवय आहे."

ती नर्स म्हणजेच सिस्टर. गल्लीत, दवाखान्यात, पुढे मैत्रिणींमध्येही सगळे तिला सिस्टर म्हणत. नवरा लवकर गेला. एक लेक होती, तिचं लाडाचं नाव छोटी. छोटीचे फ्रॉक, दप्तराच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, खिडक्यांचे पडदे, सगळं माझ्या मापाने कापलं गेलं. दर वाढदिवसाला छोटीला दाराच्या चौकटीशी उभं करून सिस्टर माझं एक टोक अंगठ्याखाली दाबायची आणि डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारायची. ते माझे सुखाचे दिवस होते. शेजारणी मला मागायला यायच्या आणि परत देताना म्हणायच्या, "सिस्टरच्या टेपने मोजलं की बिनघोर कापावं."

छोटी आठ वर्षांची असताना एक प्रकार घडला. सिस्टरकडे कापडाची एक मोठी लोखंडी कात्री होती, पाव किलोहून जड. शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर करायचं म्हणून छोटीने ती घेतली आणि तासभर पुठ्ठा कापला. शिवणारी माणसं ओळखा, मित्रांनो. ती तुम्हाला आपल्या ताटातला घास देतील, पण कापडाच्या कात्रीने कागद कापलात तर त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. धार गेली. छोटीला धपाटा बसला. आणि त्याच दिवशी सिस्टरने दवाखान्यातल्या गॉजच्या चिंधीने ती कात्री माझ्या साठाव्या इंचाच्या भोकाला बांधली आणि पहिल्या इंचाच्या भोकातून मला दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवलं.

"आता ने बघू कुठे," ती छोटीला म्हणाली. "कात्री जाईल तिथे मागे पाच फुटांची शेपटी जाईल."

युक्ती नामी होती. मला खाली घ्यायचं, मोजायचं, तिथल्या तिथे कापायचं, पुन्हा खिळ्याला लावायचं. कात्री कधी हरवली नाही, मीही हरवले नाही. कात्री माझ्या पायाशी लोंबत राहिली आणि मी तिला धरून राहिले. बत्तीस वर्षं. मला त्याचा अभिमान वाटायचा. पडदे हल्ली थोडे लांब होतात असं सिस्टर कधीमधी म्हणायची. मग आपणच म्हणायची, बरंच आहे, धुतल्यावर आटतील.

ती नोकरीतून मोकळी झाल्यावर समोरच्या खोलीत दर शुक्रवारी चार वाजता सहा जणी जमू लागल्या. प्रत्येकीचा आपला डबा, आपली सुई, आपली कात्री आणि आपलं माप. त्यांचा पहिला आणि एकमेव नियम असा, की दुसरीच्या कात्रीला हात लावायचा नाही. मी कात्रीला बांधलेली, म्हणून मलाही कुणी हात लावत नसे. मी खिळ्यावरून सगळं ऐकायची.

शिवत शिवत त्या आठवड्याची सगळी गाऱ्हाणी सांगायच्या. जायला निघताना मात्र एक फेरी व्हायची. शनिवार-रविवारी कोण काय शिवणार, हे प्रत्येकीने सांगायचं. फेरी मास्तरीणबाईंपासून सुरू होई. त्या चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं बोलणंही फळ्यावर लिहिल्यासारखं असे. त्या सांगायच्या, शनिवारी सकाळी नऊ ते अकरा अस्तर, रविवारी काठ, आणि सोमवारी ते झालेलं असे. मग बेकरीवाली. ती दर शुक्रवारी निर्धाराने सांगायची की या रविवारी काठ पुरा करणारच, आणि पुढच्या शुक्रवारी काठाऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन यायची. कधी भट्टी बिघडलेली, कधी नवऱ्याची कंबर धरलेली, एकदा तर तिच्या मांजरीने कापसाच्या थरावर तीन पिल्लं घातलेली. "आता आईला उठवू कशी?" असं तिने विचारलं तेव्हा मास्तरीणबाईसुद्धा हसल्या होत्या. मग दोघी जावा, त्या एकमेकींचे बेत मोडण्यात पटाईत. मग दातांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिणारी, जी कमी बोलायची. शेवटी सिस्टर. ती फक्त म्हणायची, "मी घरीच आहे. शिवेन."

मग यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी सिस्टरने गॅसवर दूध ठेवलं आणि ती शिवायला बसली. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं झालं. धूर जिन्यात गेला तेव्हा शेजाऱ्याने दार ठोठावलं. पातेल्याशिवाय कशाचंच नुकसान झालं नाही. पण त्या रविवारी छोटी आली, तीन तास घासूनही स्वच्छ न झालेलं ते पातेलं तिने हातात घेतलं. छोटी आता चाळिशीची झाली आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि कारखान्यात पाळीने कामाला जाते.

"आई, तू फोन उशिरा उचललास की माझं कामात लक्ष लागत नाही," ती म्हणाली. "तू आमच्याकडे चल."

तिचं घर दोन खोल्यांचं. तिथे सिस्टर मावली असती, पण मशीन नाही, टेबल नाही, शुक्रवार तर नाहीच. हे दोघींनाही ठाऊक होतं. शेवटी सिस्टरने मुदत मागितली. सहा जणींनी मिळून पहिल्यांदाच एक गोधडी करायची ठरली होती, सिस्टर जिथे नोकरीला होती त्या दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डासाठी. "ती होऊ दे. मी नीट शिवू शकते का ते बघ. मग ठरव." छोटी कबूल झाली.

मित्रांनो, त्या दिवसापासून ती गोधडी म्हणजे सिस्टरची परीक्षा होऊन बसली, आणि तिच्या हाताला मी होते.

ठरलं होतं असं: छत्तीस चौकोन, प्रत्येकीने सहा. निळ्या कापडावर पांढरी चांदणी. चौकोन साडेबारा इंचांचा. चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जाऊन बारा उरायचा. सहा चौकोनांची रांग बहात्तर इंच. सिस्टरने त्या शनिवारी आणि रविवारी आपले सहा पुरे केले. शुक्रवारी रांगा एकमेकींवर ठेवल्या. पाच रांगा बहात्तर भरल्या. सिस्टरची रांग टेबलावरून पुढे आली. मास्तरीणबाईंनी आपली पट्टी लावली, पुन्हा लावली, आणि हळूच म्हणाल्या, "साडेत्र्याहत्तर."

बेकरीवाली म्हणाली की हल्लीचं कापडच मेलं ओढाळ असतं. पण कापड सगळ्यांनी एकाच ताग्यातून घेतलं होतं.

"माझंच चुकलं असेल," सिस्टर म्हणाली. "पुन्हा करते."

पुढचे दोन दिवस मी विसरणार नाही. शनिवारी सकाळी तिने मला खाली घेतलं. चष्मा पुसला, खिडकी उघडली. कापडावर मला ठेवून साडेबारावर खूण केली. मग उठून पाणी प्यायली, परत आली, पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तिचं नख बारा आणि तेराच्या बरोबर मध्ये होतं; सुतानेही इकडे तिकडे नाही. तिने वहीत लिहिलं: पहिला चौकोन, तीनदा, बरोबर. असे सहा चौकोन, अठरा मापं. रविवारी रांग जोडून तिने ती मला एकदा पुढे सरकवून मोजली. बहात्तर. ती खुर्चीत मागे टेकली आणि कितीतरी दिवसांनी गुणगुणली.

मीही निश्चिंत होते. माझ्या रेघा मी स्वतः मोजल्या होत्या, चारशे ऐंशीच्या चारशे ऐंशी जागेवर होत्या.

शुक्रवारी रांग पुन्हा साडेत्र्याहत्तर भरली.

या वेळी कुणी आकडा उच्चारला नाही. सिस्टर चहा टाकायला आत गेली होती. मास्तरीणबाईंनी पट्टी गुंडाळली आणि दाराकडे पाहिलं. मग बेकरीवालीने शिवण उसवायची चिमुकली सुरी काढली, जावांनी कापड धरलं, आणि पाच जणींनी मिळून ती रांग उसवली, सहाही चौकोन लगतच्या दोन दोन बाजूंनी कातरून साडेबाराचे केले, आणि मास्तरीणबाईंनी सिस्टरच्याच मशीनवर ते भराभर जोडले. मशीनचा आवाज ऐकून आतून सिस्टरने विचारलं, "काय चाललंय?" बेकरीवाली म्हणाली, "काठ, सिस्टर. एकदाचा माझा काठ." चांदण्यांची टोकं छाटली गेली. ती त्यांना दिसत होती. त्यांना दुसरा मार्ग सुचला नाही. त्या वाईट बायका नव्हत्या. एखाद्या आजाऱ्याला त्याचा आजार कळू नये म्हणून घरची माणसं करतात ना, तसं त्या करत होत्या.

सिस्टर चहा घेऊन आली, रांग पाहिली. "बसली का?" तिने विचारलं.

"बसली," मास्तरीणबाई म्हणाल्या. फळ्यावर खोटं लिहावं लागल्यासारखं त्यांनी ते म्हटलं.

त्या दिवशी फेरी कशीबशी झाली. सगळ्या गेल्यावर तिने केर काढायला घेतला आणि टेबलाखाली तिला निळी कातरणं सापडली. एकेक करून तिने ती उचलली, मोजली. बारा होती. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ती ठेवली आणि झाकण लावलं.

मला खाली घेऊन तिने विचारलं नाही, की बाई, चूक कुणाची? विचारलं असतं तरी मला काय सांगता आलं असतं? मित्रांनो, मोजपट्टी जगातलं सगळं मोजू शकते, स्वतःला नाही. मी तिला अठरा वेळा बरोबर पाहिलं होतं आणि मैत्रिणींनी तिला दोन वेळा चूक ठरवलं होतं. हे दोन्ही खरं कसं असेल, ते मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही वाटू लागलं होतं, की चूक तिचीच असेल. याची मला आजही लाज वाटते.

बेकरीवालीने काळजीपोटी छोटीला फोन केला. पण त्याच्या आधी सिस्टरनेच केला होता. तो मी ऐकला. "या रविवारी ये. मशीन कुठल्या शिवणवर्गाला देता येतं का ते बघ. नाही गं, रागावले नाही. मला आता माझाच भरवसा वाटत नाही."

रविवारी दुपारी छोटी चार खोकी घेऊन आली. दोघींनी आधी कपाट रिकामं केलं. छोटी फार मऊ बोलत होती, आणि सिस्टरला तेच सोसत नव्हतं. तिला दटावलेलं चाललं असतं. दोऱ्यांची रिळं एका खोक्यात गेली, तुकड्यांचं गाठोडं दुसऱ्यात. मग छोटीच्या हाताला बिस्किटांचा डबा लागला.

"यात काय आहे?"

"टाकून दे ते."

छोटीने झाकण उघडलं, आणि तिला काहीच समजलं नाही. तेव्हा सिस्टरने सगळं सांगितलं. मैत्रिणींनी लपवून काय केलं, ते तिला कसं कळलं, आणि ते कळलंय हे तिने त्यांना का सांगितलं नाही. सांगता सांगता तिचे हात आपली जुनी सवय करत होते. वॉर्डात औषधाच्या गोळ्या लावाव्यात तशी ती कातरणं टेबलावर एकाखाली एक लावत होती. बारावं ठेवलं आणि तिचा हात थांबला.

"छोटी, इकडे ये. यातलं रुंद कुठलं आणि अरुंद कुठलं?"

छोटीने वाकून पाहिलं. "सगळी सारखी आहेत."

"सारखी म्हणजे?"

"आई, दोन सूत असतील. सगळी दोन सूत."

सिस्टर उभी राहिली. नोकरीतून सुटल्यानंतर तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "मला दिसत नसेल, तर मी एकदा दोन सूत चुकेन, एकदा चार, एकदा उलट्या बाजूला. विसरत असेन, तर तेराचे करेन नाहीतर अकराचे. दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला चुकायला फार शुद्ध लागते." मग ती म्हणाली, "एकदा रात्रपाळीच्या पोरीने मला वॉर्डाचा तक्ता दाखवला. अठरा पेशंट, अठराही जणांना नेहमीपेक्षा एक डिग्री जास्त. ती डॉक्टरांना उठवायला निघाली होती. मी म्हटलं, आधी दुसरं थर्मामीटर आण."

दोघींनी एकदमच वर पाहिलं. माझ्याकडे.

"काढ ती," सिस्टर म्हणाली.

छोटीचा हात वर गेला आणि कात्रीपाशी थबकला. चाळीस वर्षांची बाई, पण तो धपाटा तिच्या पाठीला अजून आठवत होता. "मी घेऊ?"

"घे."

गॉजची गाठ बत्तीस वर्षांची, दगड झालेली. सिस्टरने ती सुईने एक एक धागा उचकटून सोडवली. कात्री टेबलावर पडली, आणि मला पहिल्यांदा कळलं, की हलकं असणं काय असतं. छोटीने आपल्या शाळेच्या जुन्या दप्तरातली स्टीलची फूटपट्टी शोधून काढली. ती मळली होती, पण पोलाद होतं. त्यांनी मला टेबलाच्या कडेवर सरळ अंथरलं, ओढलं नाही, फक्त सुरकुत्या हाताने सपाट केल्या.

"दूध मात्र माझ्याकडूनच उतू गेलं होतं," सिस्टर मध्येच म्हणाली. "ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही."

"माहीत आहे," छोटी म्हणाली. "त्याचं आपण वेगळं बघू."

मित्रांनो, फूटपट्टी माझ्या शेजारी आली तेव्हा मी भ्याले होते. मी चूक निघाले तर मी केरात जाणार, आणि मी बरोबर निघाले तर सिस्टर जाणार. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून इच्छा केली, की मी चूक असावं. तुमच्या घरी एखादी जुनी पट्टी असेल, घड्याळ असेल, वजनाचा काटा असेल, तर वर्षातून एकदा त्यांना दुसऱ्या कुणाशेजारी ठेवून बघा. आम्ही मुद्दाम चुकत नाही. आमच्यावर जे टांगलेलं असतं त्याने आम्ही हळूहळू बदलतो, आणि आमच्या अंगावरचे आकडे मात्र तेच राहतात. आमच्या शब्दावर एखाद्या माणसाला चूक ठरवायची वेळ आली, तर त्याआधी तर नक्कीच बघा.

छोटीने माझ्या पहिल्या टोपीशी फूटपट्टीचं शून्य जुळवलं. सिस्टरने प्रत्येक फुटाला टेबलावर पेन्सिलीची बारीक रेघ मारली, जशी ती एकेकाळी चौकटीवर मारायची. एक. दोन. तीन. चार. पाच. पाचव्या रेघेच्या पुढे मी उरले होते. छोटीने फूटपट्टी सहाव्यांदा ठेवली आणि आकडा मोठ्याने वाचला. सिस्टरने चष्मा लावून तो स्वतः एकदा वाचला, मग वही उघडली आणि अठरा मापांच्या खाली तारीख घालून लिहिलं:

मोजपट्टीवर साठ इंच. प्रत्यक्षात एकसष्ट इंच, दोन सूत.